नवरीच्या मागची जागा

पाथर्डी, १० मार्च २०२५

चि. वाल्मिक यास मनकर्णाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन केला की तू बरं हाय म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र.

माझ्या धनश्रीचं लग्न चार मेला धरलंय. तिच्या साखरपुड्यातनं तू जेवायच्या आधीच गायब झालास. तुझ्या रुपालीनं सांगितलं, धडधड सुटली, हातपाय गार पडले, आता मरतो असं वाटलं. वर्षात चार वेळा ईसीजी काढला, चारी वेळा काळीज ठणठणीत. इथल्या देवऋष्याकडनं मी कोंबडं उतरवून घेतलं. तुला फरक पडला न्हाई, कोंबड्याला पडला.

तुझ्या जिवाला घोर नको म्हणून मी सोय केलीय. अक्षतांच्या वेळी नवरीच्या मागं मामा म्हणून आपला चुलतभाऊ हनुमंत उभा राहील. तुला मागच्या कनातीजवळ खुर्ची, पंखा आन् पाण्याची बाटली. वाटलं तर सरळ गाडीवर बसून घरी जा. तुझ्या दाजींनाबी हे पटलंय.

जिवाला जप. माया हाय तशी ऱ्हाऊ दे.

तुझी,
मनकर्णाताई


केडगाव, १८ मार्च २०२५

ती. सौ. ताईस वाल्मिकचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून रडलो. माझ्या एकुलत्या एका भाचीच्या मागं हनुमंत?

दुसऱ्याच दिवशी नगरला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या, मग अर्धा तास प्रश्न विचारले. धडधड कधी होते, दारू पिता का, जगू नये असं वाटतं का, भीतीपोटी कुठं जायचं टाळता. मी सांगितलं, लग्नं, बँकेची रांग, एसटी आणि न्हाव्याची खुर्ची. म्हणून केस एवढे वाढलेत होय, म्हणाल्या.

हा काळजाचा नाही, भीतीचा आजार आहे आणि तो बरा होतो, असं त्यांचं म्हणणं. रोज एक गोळी दिलीय, गुण यायला काही आठवडे लागतील. शिवाय सराव. जिथून पळतो तिथंच थोडं थोडं उभं राहायचं, भीती चढून आपोआप उतरेपर्यंत.

तुझ्या खुर्चीचं त्यांना सांगितलं. म्हणाल्या, माणसं मायेपोटी पळवाट करून देतात आणि आजार पोसला जातो. रागावू नको. वर्षभर नवऱ्याऐवजी बँकेची कामं करणाऱ्या रुपालीनंही हेच ऐकून घेतलं.

मला धनश्रीच्या मागं उभं राहायचंय. ताई, खुर्ची काढ.

तुझ्या मायेतला,
वाल्मिक


पाथर्डी, २० एप्रिल २०२५

चि. वाल्मिक यास अनेक आशीर्वाद.

आजार मी पोसला म्हणे! तुला पांढराफटक पडलेला मी बघितलाय, त्यांनी न्हाई. तरी त्यांना माझा नमस्कार सांग.

रुपालीचा फोन आलता. भिंगारच्या बाजारात तू काही न घेता वीस मिनिटं उभा राहिलास आन् बायका तुला वांग्याचा भाव विचारत होत्या म्हणं. लई हसले, मग लई रडले.

हनुमंताला नको म्हणून सांगितलं. त्यानं नवे बूट घेतलेत, तो रुसलाय. खुर्ची मात्र मी काढणार न्हाई. माझा जीव ऱ्हात न्हाई, काय करू?

लवकर या, हळदीला पोचा.

तुझी,
ताई


केडगाव, ७ मे २०२५

ती. सौ. ताईस साष्टांग नमस्कार.

लग्न तू बघितलंस, पण आतलं तुला दिसलं नसेल. अक्षता बारा पस्तीसच्या. माझा सराव वीस मिनिटांचा. पुढारी आशीर्वाद द्यायला आले दीड वाजता, आणि तोवर अक्षता थांबल्या.

दहाव्या मिनिटाला मी मेलोच होतो. तू लांबून खुर्चीकडे हात केलास, माझा पाय उचललाही होता. तेवढ्यात धनश्रीनं मागं हात करून माझं बोट धरलं. तिचा हात माझ्याहून गार. हळूच म्हणाली, मामा, मला लई भ्या वाटतंय, तुम्ही जाऊ नका.

मग गेलो नाही. चाळीसाव्या मिनिटाला ध्यानात आलं, आपले पाय दुखतायत. फक्त पाय. पुढारी यायच्या आधीच भीती कंटाळून निघून गेली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढा लांब सराव मी सांगितला नव्हता. गोळ्या अजून चालू आहेत, उद्या न्हाव्याकडे जातोय.

तुझ्या खुर्चीवर शेवटपर्यंत हनुमंत बसला होता, बूट काढून. पण ताई, धनश्रीच्या मागं तो असता, तर तिनं कुणाचं बोट धरलं असतं?

दाजींना नमस्कार. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे, आणि खुर्ची मंडपवाल्याला परत कर.

तुझा,
वाल्मिक