चौकाची भिंत आणि सुनीताची केबल

१२ फेब्रु.
किसन आणि सुनीताची आज जुंपली. किसन, माझा मुलगा, लग्नांचं शूटिंग करतो, पुढच्या खोलीत दुकान. मागच्या खोलीत सून कॉम्प्युटरवर लग्नं कापते, जोडते. पुढचं शूटिंग मागे न्यायला तिला भिंतीतून केबल हवी. "वायफायवर एक लगीन जायला रात जाते, आये." म्हटलं, लगीन लागायला तरी कुठे कमी वेळ लागतो?
पण मधल्या भिंतीवर ह्या दोघांच्याच लग्नाचा चौक. सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने काढलेलं देवीचं चित्र. त्याला भोक? मी असेपर्यंत नाही. आधी केबल कौलांखालून नेली होती, ती उंदरांनी खाल्ली.
किसन माझ्या बाजूने. वायफायचा नवा डबा आणला, चार शिंगांचा. म्हटलं, रेड्याला दोनच पुरतात.

१९ फेब्रु.
शिंगं दिखाऊच. लग्न अजून भिंतीपलीकडे रांगतच जातं. मग किसन लग्न हार्डडिस्कमध्ये भरतो, ती मी पदरात घेऊन अंगणातून वळसा घालून मागच्या दाराने सुनीताला देते. "आयेच आमचा नेटवर्क हाय," गिऱ्हाइकांना सांगतो. माझं हे लिहून घेताना नात रोशनी हसते आहे. हसू दे. मला बरं वाटतं. दिवसभर कुणीतरी हाक मारतं.

१ मार्च
पडले. मागच्या पायरीवर पाय सरकला. मी वाचले, डिस्क दगडावर. पाम गावच्या बायजीच्या मुलीचं लग्न होतं तीत. कॅमेऱ्याची कार्डं किसनने पुढच्या लग्नासाठी पुसलेली. म्हणजे ते लग्न आता कुठेच नाही.
सुनीता एवढंच म्हणाली, "आये, लागला नाय ना?" शिवी दिली असती तर सोसली असती.

४ मार्च
बोईसरच्या दुरुस्तीवाल्याने डिस्क कानाशी हलवली. "माताजी, अंदर से आवाज़ आ रहा है." मुंबईला पाठवली. निघालं तर निघालं.
घरी येऊन किसनला म्हटलं, पाड भोक.
"आये, चौक हाय तिथं."
"दिसतो मला. डोळे फुटले नाय माझे."
जागा बोटाने मीच दाखवली. सुनीताने खाली ताट धरलं, पीठ पायदळी नको म्हणून. ती केबल मागत होती तेव्हाच…

६ मार्च
आता लग्न चहाला उकळी येईतो पलीकडे जातं. सुनीता "बघा, आये" म्हणत नाही. तिचं शहाणपण.

११ मार्च
बायजी आली. सगळं लग्न नको म्हणते. हळदीला तिचा नवरा नाचला होता. त्यानंतर अर्ध्या अंगावरून वारं गेलं, खाटेवर आहे. "तेवडा नाच द्या, मावशे. त्याला दाखवायचा हाय, तू असा नाचलास."
मुंबईहून फोन नाही. मी चहा टाकायला उठले, तर हात धरून बसवलं. "चा नको. सांग, हाय का नाय?"
किसनने माझ्याकडे बघितलं. सुनीतानेही.
मी म्हटलं, परवा पामला येते, घरीच सांगते.
काय सांगणार, ते अजून मलाच ठाऊक नाही.