काठावरची साखर

मोशी,
रविवार

प्रिय सईताई,

फोनवर तू माझं बोलणं अर्धवट ऐकतेस आणि रडायला लागतेस, म्हणून लिहायला बसलेय. आता मधेच थांबवता येणार नाही तुला.

माझं ठरलेलं लग्न मोडलं त्यात तुझा काहीही दोष नाही. तुम्ही संशोधनासाठी आमच्या आळीत घरोघरी फिरून कंबर मोजली, रक्तदाब घेतला, उपाशीपोटी रक्त नेलं. माझी साखर मधुमेहाच्या काठावर निघाली, ती तू दार लावून फक्त मला सांगितलीस. चऱ्होलीला सिद्धेशच्या घरी जाऊन ते बोलले मी. लपवाछपवीनं संसार सुरू करायचा नव्हता. त्याची आई आधी हसली, मग माझ्यापुढची शिऱ्याची बशी उचलून आत घेऊन गेली. तेव्हाच कळलं मला. आठवडाभरात नकार आला. सिद्धेश फोनवर एवढंच म्हणाला, "काठावरच आहे ना? मग सांगायची काय गरज होती?" खरं सांगू, त्यानंतर मला रडूसुद्धा आलं नाही.

भडकले ते रंगरावकाका. बाबांमागे त्यांनीच मला वाढवलं, त्यामुळे त्यांचा राग मी समजू शकते. एवढी काडीसारखी पोर, तिला कसली साखर, असं म्हणत त्यांनी आळीभर सांगितलं की तपासणीवाल्यांना दार उघडू नका. मी चाकणला शिफ्टवर होते. तुला पायरीवरून परत पाठवल्याचं मला नंतर कळलं.

परवा देवळात आळीची बैठक झाली. तुमचं काम बंद पाडायचा अर्ज करू, असं काकांनी सुचवलं आणि मी बायकांमधून उठले. म्हटलं, साखर माझी आहे, तिच्याबद्दल मीच बोलणार. बाबा पन्नाशीही न गाठता गेले, त्यांची साखर कधी कोणी मोजलीच नव्हती. आपण शेतं विकली, कंपनीत रात्रपाळ्या धरल्या, कॅन्टीनचे वडे खाल्ले. त्यानं अंगात काय बदललं ते आजवर कोणी विचारलं नाही. हे लोक विचारतायत, तर आपण दारं लावतोय.

काका म्हणाले, "मंग तुझं लगीन कोण करील?"

"जो साखर ऐकून पळणार नाही, तो. नाही मिळाला तर नाही."

काका उठून गेले, अजून माझ्याशी बोलत नाहीत. अर्ज मात्र कोणी लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता काकूच हळूच म्हणाल्या, "मलाबी लई दिस चक्कर येती. तुझ्या त्या ताईला बोलीव."

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मला नको असेल तर अभ्यासातून माझी माहिती काढून टाकता येईल, तो माझा हक्क आहे, असं तू कळवलंस. हक्क आहे हे चांगलंच आहे, पण मी तो वापरणार नाही. माझ्यासारख्या बारीक अंगाच्या, रात्रपाळीच्या किती मुली अशा काठावर उभ्या आहेत, ते तुम्ही शोधताय. त्यातून मीच निघून गेले, तर साखर ही लाजेची गोष्ट, हे सिद्धेशच्या आईचंच खरं झालं. काढू नकोस मला. पुढच्या फेरीलाही माझा दंड तयार आहे. आणि मंगळवारी सकाळी ये. काकू चहा न घेता थांबणार आहेत.

तुझीच, न लाजणारी
आरोही