बटणांच्या डबीतला दात

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाळाच्या अंगावर पुन्हा लाल ठिपके उठलेत, कानही वाहतोय. रक्त थांबवणाऱ्या पेशी कमी आहेत आणि जंतूंशी लढायची ताकदही. डॉक्टरीणबाईंनी त्याची जनुकं तपासून घेतली. एका जनुकात एक बदल सापडलाय, पण तो आजवर कुठे नोंदलेला नाही, त्यामुळे दुखण्याचं मूळ तेच, असं त्या छातीठोकपणे सांगू शकत नाहीत. ते कळल्याशिवाय अस्थिमज्जा बदलायच्या जोखमीच्या उपचाराला हात घालायला त्या तयार नाहीत.

मी त्यांना तुझ्या गेलेल्या लेकाबद्दल, गुंड्याबद्दल सांगितलं. त्यालाही असेच ठिपके, असाच कान. त्याच्यातही हाच बदल निघाला तर शंका राहणार नाही. त्याचं काही उरलंय का, असं त्यांनी विचारलं. ताई, जीभ रेटत नाही, पण मला तुझ्या बटणांच्या डबीतला त्याचा दात आठवला. त्याची पूड करावी लागते. परत मिळणार नाही.

भाऊजींना नमस्कार. काहीही ठरव, पण माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
छोटी

११ जून

चि. छोटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि शिवणाचं मशीन थांबवलं. आधी तुझा रागच आला. माझं रक्त हवं तेवढं घ्या, दात मिळणार नाही, असं लिहून पाकीटही चिकटवलं होतं. तुझे भाऊजी म्हणाले, तुझ्या रक्तात सापडलं तरी त्याला तेच होतं हे कसं ठरणार? एरवी या माणसाला डोक्यावरचा चष्मा सापडत नाही, आणि नको तेव्हा बरोबर बोलतो.

दात डबीसकट पाठवतेय. पडला तेव्हा केवढ्या ऐटीत दाखवत फिरला होता! हिरडीतून रक्त वाहत होतं तरी हसत होता. रक्त काही थांबलं नाही. दवाखान्यातून आम्ही दोघंच परत आलो. हलता दात मीच ओढला, असं सासूबाई जाईपर्यंत म्हणत राहिल्या. मी हातही लावला नव्हता गं. पण ऐकून ऐकून मलाच ते खरं वाटायला लागलंय.

बाळाला जप. स्वतःही वेळेवर जेव, उपकार होतील.

तुझी,
ताई

२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तोच बदल निघाला. हा दोष आईकडून येतो, मुली धडधाकट राहतात, मुलगे भोगतात. आईकडून तो आपल्या दोघींत आला. दात ओढला काय, आपोआप पडला काय, रक्त वाहिलंच असतं, हे डॉक्टरीणबाईंनी तुला मुद्दाम कळवायला सांगितलंय. माझ्या थोरलीची मज्जा बाळाशी जुळली. पुढच्या महिन्यात उपचार.

रिकामी डबी पाठवतेय. जपून उघड, असं लिहायला गेले आणि रडूच आलं. तुझा हात असाच डोक्यावर राहू दे.

तुझी,
छोटी

१० ऑगस्ट

चि. छोटीस,
अ. उ. आ.

डबी मिळाली. सवयीने हलवून पाहिली.

माझा दोष नव्हता, हे सासूबाईंना ऐकवायचं होतं. आता कुणाला ऐकवू? आणि शेवटी आलं ते माझ्याकडूनच ना? आईवर रागवावं, तर तिचेही दोन मुलगे पाळण्यातच गेले. त्या बिचारीला तर कुणी एवढंही सांगितलं नाही. काल खूप रडले. तुझ्या भाऊजींनी चहा केला, साखर विसरले, मी तसाच प्यायले.

थोरलीला माझा गोड पापा. आमच्यावरचा लोभ कमी करू नका.

तुझी,
ताई

ता. क. बाळाचा पहिला दात पडेल, तो तुझ्याकडेच ठेव. मला फक्त कळव, की रक्त लगेच थांबलं.