तिसरं मिनिट

३ मार्च
ठमी येणार! बावीस तारखेला. फोन तिच्या आईला आला, मला नाही. ही भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "एक दिवस थांबेल. पुढचं विमान दुसऱ्या दिवशी आहे." मी "बरं" म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. चार वर्षं झाली लेकीला बघून.

५ मार्च
मोठं विमान आहे, अकरा वीसला उतरतं. बावीसला विमानतळावर माझी नेमकी सकाळची पाळी. साहेबांकडे रजा मागितली. "मोठं विमान उतरायला अग्निशमनाच्या दोन्ही गाड्या तयार लागतात. एकीला ड्रायव्हर नसला तर ते उतरूच शकत नाही. तुलाच घरी सोडून तुझ्याच लेकीला कशी आणू?" मला हसू आलं. हा नियम मीच नव्या लोकांना शिकवतो.
असो. पाळी दोनला संपते. अडीचला घरी.

९ मार्च
हिने माळ्यावरून लहानशी वाटी आणि चमचा काढून घासला. "कुणासाठी?" विचारलं. "सापडला म्हणून घासला."

१२ मार्च
हल्ली अकरा वीसचं विमान उतरलं की खिडक्या मोजतो. एवढ्या लांबून माणूस दिसत नाही. तरी मोजतो.

१४ मार्च
आज तिच्या लग्नाचा दिवस डोक्यातून जात नाही. पाळी संपली होती, बदलीचा ड्रायव्हर आला नव्हता, आणि एका विमानाचं चाक अडकलंय म्हणून घंटा झाली. गेलो. चाक सुटलं, विमान अलगद उतरलं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. हॉलवर पोहोचलो तर खुर्च्या आवरत होते. ठमी एवढंच म्हणाली, "तुम्ही त्या गाड्यांशीच संसार करा."
आमच्या दोन गाड्या – थोरली आणि धाकटी. धाकटी माझ्याकडे. ही त्यांना सवती म्हणते, पण हसून. ठमी हसत नव्हती. त्यानंतर तिने मला बाबा म्हणून हाक मारलेली नाही. मला ती हाक ऐकायची आहे. बाकी काही नको.

१९ मार्च
नवा शर्ट घेतला. ही म्हणाली, "बघायला जाताय की काय कुणाला?"

२१ मार्च
उद्या.

२२ मार्च
धाकटीचा पंप.
सकाळच्या तपासणीत तो एक मिनिट चालवायचा, दाबाचा काटा दहावर राहिला की सही. मी तीन मिनिटं चालवतो, जुनी खोड. पहिलं मिनिट – दहा. दुसरं – दहा. तिसऱ्यात काटा घसरला. आठ, सहा, चार. बंद करून पुन्हा चालवला. तेच.
मिस्त्री शेजारीच उभा होता. त्याला घरचं सगळं माहीत आहे. हळूच म्हणाला, "कागद एकच मिनिट मागतोय. तेवढं ती चालली ना? सही करून टाक, लेकीला भेट. दुपारी खोलतो मी तिला." चांगला माणूस. माझ्याच भल्यासाठी बोलला.
खोटं लिहायचं नव्हतंच. फक्त पुढची दोन मिनिटं लिहायची नव्हती. पेन घेऊन किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग वाटलं, आज त्याच विमानाला आग लागली, तर तिसऱ्या मिनिटाला मी काय करणार?
"नादुरुस्त" लिहिलं. साहेबांनी टॉवरला कळवलं. अकरा वीसला धावपट्टी रिकामी. विमान दुसऱ्या शहरात उतरवलं, तिथून तिला परस्पर पुढे पाठवणार आहेत.
घरी येऊन हिला सगळं सांगितलं. भांडली नाही, तेच जास्त लागलं. वाटी-चमचा पुसून परत माळ्यावर ठेवला. म्हणाली, "कुणाला परत पाठवलंत ते कळेल तुम्हाला."

२३ मार्च
ठमीला फोन केला. उचलला नाही.

२४ मार्च
मिस्त्रीने पंप खोलला. आतला दांडा चिरलेला निघाला. "आणखी थोडा चालला असता तर तुटलाच असता," म्हणाला. साहेबांनी पाठ थोपटली. मला घरी जावंसं वाटेना. गाडी पुसत बसलो.

२५ मार्च
नवा शर्ट घडी करून कपाटात. ही माझ्याशी कामापुरतं बोलते. लेक आठवते, तिचा आवाज आठवायला मात्र वेळ लागतो.

२७ मार्च
ठमीचा फोटो आला. माझ्या फोनवर! त्या दिवशीचा, विमानातला. तिच्या मांडीवर सात-आठ महिन्यांची मुलगी, पट्ट्याने आईला बांधलेली. कपाळ थेट माझं.
खाली लिहिलंय – "बाबा, आईने सांगितलं सगळं. त्या विमानात आम्ही दोघी होतो. धाकटी बरी झाली की कळवा. दोघी येऊ."