वटवट्या आणि अळंबी

बियेब्झा नदीकाठ, पोलंड, ८ जून

प्रिय वित्येक,

देवाची कृपा तुझ्यावर असो. इकडे सगळं ठीक आहे. गाईला कालवड झाली. करकोच्यांनी यंदाही माझंच छप्पर घाण केलं.

ईस्टरच्या कार्डावर तू एवढंच विचारलंस, "दलदलीतला वटवट्या आला का?" खाली बहिणीची चौकशी केली असतीस तर काय शाई संपली असती?

आला. ऊन कलल्यावर बांधावर बसून मी गाणारे सतरा नर मोजले. डोळे मिटून.

तुझ्या पक्ष्याला मी नेहमी हिणवलं. काडीवर चढून गावभर पत्ता सांगतो, पण पोटाला काय देतो? माझी अळंबी चकार शब्द काढत नाही आणि हिवाळाभर पातेलं भरते. माझं मत अजून तेच आहे, वाद घालू नकोस. फक्त एक कबूल करते. पक्षी ऐकून सापडतो. अळंबीला नजरच लागते.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी माझं अळंबीचं सार पहिल्या घोटालाच सगळ्यांनी खाली ठेवलं. शेजारची स्तेफ्का म्हणाली, "गेन्याबाई, सारात बैलाचं पित्त पिळलंत की काय?" बोरोविक या खायच्या अळंबीत तिचा कडू भाऊबंद मिसळून वाळवला होता मी. शंका आली तर जिभेला टेकवून बघावं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला शंकाच आली नाही. दोन्ही सारखेच दिसले.

डॉक्टर म्हणतात, नजरेचा मधला भाग विझत चाललाय, कडा तेवढ्या राहतील. रडायला वेळ नाही मला. गाय स्पर्शाने दोहता येते.

पण बाबांची जंगलातली अळंबीची जागा आहे. मरताना त्यांनी ती मला एकटीला सांगितली. तू माझ्या मागावर असायचास, म्हणून मी टोपलीवर फडकं टाकून आडवाटेनं घरी यायचे. त्यावरूनच तू नऊ वर्षं उंबरा ओलांडला नाहीस. जागा सांगायची नाही ही आपल्याकडची रीत, म्हणून मी ताठ राहिले. सख्ख्या भावाशी रीत पाळली, चुकले.

ती जागा कागदावर लिहून कळणारी नाही. वळणं पायांनी दाखवावी लागतात, खुणा डोळ्यांनी. अळंबीच्या हंगामाला अडीच महिने आहेत, पण तू तोवर थांबू नकोस. मला झाडं ओळखू येताहेत तोवर ये.

तुझी वाट बघणारी, अजून बघू शकणारी,
गेन्याताई