सडक्या द्राक्षांची वीस वर्षं जुनी गोडी

मु. टेंभुर्णी

श्री. भागवतराव यांस मच्छिंद्रचा रामराम. अंबडला सगळे बरे असाल. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवा. तुमची ताई आठ दिवसांसाठी आष्टीला मावशीकडे गेली आहे, त्यामुळं घरात शांतता आहे (हे वाक्य तिला दाखवू नका).

फोन न करता पत्र लिहून राह्यलो, कारण फोनवर तुम्ही मधेच बोलता. आकांक्षा हंगेरीतलं शिक्षण संपवून आली, हे ठाऊक आहेच. येताना तिनं एक बाटली आणली. तोकाय नावाच्या भागातली वाइन, वीस वर्षं जुनी, रंगानं पातळ काकवीसारखी. कशाची, विचारलं, तर म्हणाली, बुरशी लागलेल्या द्राक्षांची. भागवतराव, अवकाळी पावसानं आपली अर्धी बाग सडली, ती मी नाक दाबून बांधावर फेकत होतो, आणि पोरगी तोच माल विमानानं घरी आणते!

तिनं चहाच्या कपात दोन बोटं ओतली. मी खोकल्याच्या औषधासारखी एका घोटात संपवली. वीस वर्षं थांबलेल्या वस्तूला दोन मिनिटं तरी द्या, म्हणाली. मंग दुसऱ्या वेळी जिभेवर धरली. आधी मधासारखी गोड, आणि गोडीचा कंटाळा येणार तेवढ्यात बारीक आंबटपणा येऊन तोंड साफ करून जातो. घोट गेला तरी चव उठायचं नाव घेत नाही (आपल्या गोतावळ्यातल्या काही पाहुण्यांसारखी, नावं लिहीत नाही). आमची आई गोजरबाई माळकरी. वास घेतल्यानं माळ बाटत न्हाई, हे तिचं तिनंच ठरवलं, कप नाकाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाली, "जर्दाळू. मध. अन् मागून जराशी चिंच." आकांक्षा बघतच राहिली. एवढंच सांगायला तिच्या मास्तरांनी तासभर घेतल्ता म्हणे.

दुसऱ्या दिवसापासून मी बागेत. तीन दिवस बुरशीचे मणी एकेक करून वेचले, कारण तिकडं तसंच वेचतात. शेजारच्या नंदाबाईनं विचारलं, तर औषध करतोय म्हणालो. भरली पाटी पोरीपुढं ठेवली. तिनं एक मणी फोडला, हुंगला आणि मला साबणानं हात धुवायला लावले. म्हणाली, तिकडची बुरशी मण्यातलं पाणी पिते आणि गोडी ठेवते. आपली नुसतीच नासवते. तिकडच्या बुरशीला सकाळी धुकं आणि दुपारी ऊन लागतं, तेही कितीतरी दिवस.

मी पाटीशेजारी मातीतच बसलो. तीही बसली. मंग हळूच म्हणाली, "बाबा, तोकायला वाइनच्या तळघरात मला दोन वर्षांचं काम मिळतंय. सांगायचा धीर होत नव्हता. आपल्या द्राक्षांचं काय करता येईल, ते शिकून येते."

भागवतराव, बाग मोडायला मी जेसीबी सांगून ठेवला होता. तो नको म्हणून कळवलं. पोरीला म्हणालो, जा.

लहानांना आशीर्वाद, तुमच्या गुडघ्याला आराम.

आपला,
मच्छिंद्र

ता.क. बाटली मुळात तुमच्यासाठी होती. व्हिसाच्या कागदांसाठी तुम्ही केलेल्या धावपळीची भेट म्हणून. तळाशी कपभर आहे. बूच घट्ट लावलंय.

आणखी एक. तुमची ताई रविवारी येते, आष्टीहून पोरीसाठी स्थळ घेऊन. तुम्ही शनिवारीच या. ती तुमचं ऐकते. 'आईला समजवायचं मामांनी कबूल केलंय' असं मी आकांक्षाला सांगून बसलोय, आणि त्या भरवशावर तिनं काल हंगेरीला कामाचा होकार कळवला.