वजनं आधी, गुण नंतर

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांचा फोन आला होता. तू त्यांना म्हणालास म्हणे, की तुम्ही संस्थेत जायचं हे आम्ही कुणी ठरवलेलं नाही, मोजपट्टीच्या तक्त्याने ठरवलं. तू मला मोजपट्टी म्हणतोस याला माझी हरकत कधीच नव्हती. माझ्या नावावर खोटं बोलायला आहे.

मी तक्ता कोरा पाठवला होता. कंबरेचं हाड मोडल्यावर बाबांनी कुठे राहायचं, यासाठी तीन रकाने: त्यांचं घर, तुझं घर, वृद्धांची संस्था. डावीकडे निकष. प्रत्येक निकष किती महत्त्वाचा, त्याप्रमाणे त्याला वजन द्यायचं, मग प्रत्येक जागेला गुण, गुणाकार, बेरीज. ऑफिसात पाण्याच्या टाकीची जागा आम्ही अशीच ठरवतो. पथ्य एकच: वजनं आधी लिहून मोकळं व्हायचं, गुण नंतर. नाहीतर माणूस हवं ते उत्तर काढतो.

तू भरलेला कागद बाबांनी मला टपालाने पाठवला. ‘दवाखाना जवळ’, ‘भेटायला सोपं’, ‘अडीअडचणीला कुणी धावेल’ अशा तीन ओळी तू वाढवल्यास. संस्था तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आणि दवाखाना तिच्यासमोर. म्हणजे तुझ्यापासूनचं अंतर ही एकच गोष्ट तू तीनदा मोजलीस. तुझं घर जिन्यापायी आधीच मागे पडलेलं. तरीही त्यांचं घरच पुढे राहिलं, तेव्हा ‘स्वतःच्या मर्जीने वागता येणं’ याचं वजन वीसवरून पाचवर आणलंस. खोडलेला वीस अजून वाचता येतो.

त्यांना संस्थेत ठेवायचं असेल तर तोंडाने सांग. माझ्या आकडेमोडीआड लपू नकोस.

लोभ आहे म्हणून इतकं लिहिलं. तुझा आटला असेल तर तसं कळव.

मोजपट्टी

९ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद, रागासकट.

हो, खोडलं. तक्ता भरला त्याच्या आदल्या दिवशी बाबा न्हाणीघरात खाली बसले ते उठेनात. शेजारच्या शिंपीणबाईंनी फोन केला, मी मीटिंग टाकून पळालो. उचलताना माझ्या पाठीत उसण भरली, आणि वर बाबा म्हणतात, नीट धर, मी पोतं नाही. तुझी वहिनी दोन महिने नोकरी सांभाळून त्यांच्या चादरी धुतेय. अवाक्षर काढत नाही, म्हणून मला जास्त भीती वाटते. ही ओळ तुझ्या तक्त्यात कुठे आहे? करणाऱ्याचं काय होतं, या निकषाला वजन किती?

आणि तीनच रकाने का गं? बाईसाहेबांच्या घराचा रकाना कुठे गेला? लिफ्ट आहे, एक खोली रिकामी आहे. टाकीसाठी तू दहा जागा तपासतेस आणि बापासाठी तीन. मी खोडरबर वापरलं. तू पेन्सिलच उचलली नाहीस.

वहिनीने आठवण कळवायला सांगितलंय. माझी तू समजून घे, लिहवत नाही.

दादा

१५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दादाचं पत्र आलं. त्यातली बोलणी वजा केली तरी जे उरतं ते खरं आहे. म्हणून चौथा रकाना घातलाय, माझं घर. ‘करणाऱ्यावरचा भार’ ही ओळही. माझ्या घराला गुण देताना हात सैल सोडलेला नाही. निम्मा महिना मी कामाच्या जागेवर असते, तेव्हा तुम्ही एकटे पडाल. माझा स्वयंपाक तुम्ही खाल्ला आहे. तरी खोली आहे, आणि तुम्ही मला नकोसे नाही. हे वाक्य लिहायला तक्त्यापेक्षा जास्त वेळ लागला.

दादाने वजनं भरली ती त्याच्या मनाने, मी भरली असती तर माझ्या. राहणार तुम्ही. म्हणून वजनं फक्त तुम्ही भरा. गुण मी झाकून ठेवलेत. एखादी गोष्ट दुसऱ्या कशानेही भरून निघणार नसेल तर तिथे आकडा नको, फुली मारा. ती गोष्ट नसलेली जागा सरळ बाद. रागाच्या भरात मात्र भरू नका.

तब्येतीला जपा, आणि माझ्यावर रागावलात तरी फोन उचला.

तुमची मोजपट्टी

२१ फेब्रुवारी

चि. दोघांस,
आशीर्वाद. एकच मजकूर दोघांना पाठवतोय, भांडायला कमी नको.

रागाच्या भरात भरू नका म्हणे. रागाच्या भरातच भरला. पहिल्या ओळीवर फुली, दुसरीवर फुली, शेवटपर्यंत फुल्या, आणि मग फाडला.

तीस वर्षं फुटबॉलचा पंच होतो. खेळाडूंनी आईबाप काढले, पण माझ्याऐवजी शिट्टी कुणी वाजवली नाही. तुम्ही महिनाभर दोन बाजूंनी माझी शिट्टी वाजवताय.

दादा, तुझी पाठ मला दिसते. सूनबाई बोलत नाही तेही ऐकू येतं. संस्थेचं मीच काढणार होतो. तू नुसतं विचारलं असतंस, तर त्याच दिवशी हो म्हणालो असतो. मी म्हणायच्या आत तू माझं हो लिहून टाकलंस, आणि वर बहिणीच्या माथी मारलंस. लाज वाटू दे.

मोजपट्टे, तुझ्या पत्रातलं ते एक वाक्य ठेवलंय, बाकीचं टोपलीत गेलं. तुझ्याकडे येणार नाही. एकट्यानेच बसायचं तर माझी खिडकी काय वाईट आहे?

रविवारी सकाळी दोघांनी यायचं. गाडी दादाने आणायची, माझा वॉकर तू उचलायचा. संस्थेच्या फाटकापर्यंत. आत मी एकटा जाईन. जेवणघर बघेन, पलंगावर आडवा होऊन बघेन, तिथल्या चार म्हाताऱ्यांशी भांडून बघेन. दुपार झाली तरी आत डोकावायचं नाही. बाहेर आलो की हो किंवा नाही, एवढंच सांगेन, आणि कारणं विचारायची नाहीत.

लोभ असू द्या, पण फाटकाबाहेर.

बाबा